गोठवलेले वीर्य आणि भरकटलेला वाद

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात वंध्यत्व-उपचारांच्या शिबिरांचे फलक आता एसटी स्टँडसमोरही दिसतात, आणि त्यांच्या मागोमाग एक वाद घराघरांत शिरला आहे. गोठवलेल्या वीर्यापासून झालेले मूल निकोप असते का? एका बाजूला गर्भसंस्कारांवर व्याख्याने देणारी मंडळी आहेत. उणे १९६ अंशांत ठेवलेल्या बीजाचे संस्कार पुसले जातात आणि तसे मूल आज ना उद्या आजारी पडते, असे ती सांगतात. ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द त्यांच्या हाती लागल्यापासून या सांगण्याला विज्ञानाचा मुलामा चढला आहे. दुसऱ्या बाजूला जाहिराती आणि त्यांची री ओढणारे समुपदेशक: ‘शंभर टक्के सुरक्षित, काही काळजी करू नका.’ मला दोन्ही बाजू मान्य नाहीत. मात्र दोघांची चूक सारख्याच वजनाची आहे असेही मी म्हणणार नाही. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. आज हाती असलेल्या पुराव्यावरून, मूल होण्याच्या या सगळ्या खटाटोपात वीर्य गोठवणे ही सर्वांत कमी संशय घ्यावा अशी पायरी आहे. भीती घालणारे भलत्याच जागी बोट ठेवत आहेत, आणि ‘शंभर टक्के’वाले कुणी नीट मोजलेल्याच नाहीत अशा गोष्टीची हमी देत आहेत.

आधी शब्दाचा धाक घालवू. डीएनए म्हणजे जमीन धरली, तर एपिजेनेटिक खुणा म्हणजे उताऱ्यावरचे शेरे. जमीन तीच, क्षेत्र तेच. पण बोजा कुणाचा, कूळ कोण, पीक काय, यावर त्या जमिनीचे पुढे काय होणार ते ठरते. डीएनएवर ठरावीक जागी मेथिल गट चिकटला की बहुधा ते जनुक गप्प बसते. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावरही अशा खुणा असतात. शुक्राणूची गोष्ट जरा निराळी. त्यातले बहुतेक हिस्टोन निघून जातात, त्यांच्या जागी प्रोटामाइन नावाची प्रथिने येतात आणि डीएनए इतका घट्ट आवळला जातो की त्या अवस्थेत त्यातले जवळजवळ काहीच वाचले जात नाही. फलन झाल्यावर काही तासांतच बापाकडून आलेल्या बहुतेक मेथिल खुणा पुसायला सुरुवात होते. तेव्हा ‘गोठवल्याने संस्कार पुसले जातात’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की ते पुसण्याचे काम निसर्ग प्रत्येक गर्भात स्वतःच करतो, मग वीर्य ताजे असो की गोठवलेले. त्यातून वाचतात त्या मुख्यतः इम्प्रिंटेड जनुकांवरच्या खुणा. माणसात अशी सुमारे शंभर जनुके आहेत. त्यांत आईकडची प्रत चालू राहायची की बापाकडची, हे त्या खुणा ठरवतात. म्हणजे प्रश्न बराच आटोपशीर झाला: गोठवण्याने या खुणांना धक्का लागतो का?

गोठवण्याने काहीच बिघडत नाही असे मात्र कुणी म्हणू नये. पाणी गोठताना बर्फाचे स्फटिक होतात, पेशीभोवतीच्या क्षारांची तीव्रता वाढते, पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते, आणि वितळवताना हेच सगळे उलट्या दिशेने घडते. इटलीच्या लाझारो स्पालान्झानींनी १७७६ साली बर्फाने निपचित झालेले शुक्राणू ऊब मिळताच पुन्हा हलू लागलेले पाहिले होते. पण भरवशाने गोठवणे जमायला १९४९ उजाडावे लागले. त्या वर्षी इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्रे स्मिथ आणि ॲलन पार्क्स यांनी ग्लिसरॉल घातले तर शुक्राणू तग धरतात हे दाखवले. (बाटलीवरची चिठ्ठी चुकली म्हणून ग्लिसरॉल हाती लागले, असे सांगतात.) आजही वितळवल्यावर साधारण निम्म्या शुक्राणूंची हालचाल थांबलेली असते. ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो. काहींच्या डीएनएचे तुकडे पडतात, आणि ज्याचे वीर्य मुळातच कमकुवत त्याच्यात हे प्रमाण जास्त. मासे आणि जनावरांवरच्या काही प्रयोगांत गोठवल्यानंतर मेथिलेशनमध्ये व हिस्टोनवरच्या खुणांत फरक नोंदवले गेले आहेत. त्यात इक्सीची भर: १९९२ साली या पद्धतीने पहिले मूल जन्मले. सुईने एकच शुक्राणू अंड्यात सोडायचा, म्हणजे नैसर्गिक वाटेत जो बाद झाला असता त्यालाही आत प्रवेश मिळू शकतो. विरोधकांच्या हातातले हे सर्वांत भक्कम मुद्दे आहेत, आणि ते खोटे नाहीत.

पण त्यांतून निष्कर्ष काय निघतो? शुक्राणू मरणे आणि जिवंत शुक्राणूवरची खूण बदलणे या दोन वेगळ्या घटना आहेत. मेलेल्यापासून आजारी मूल होत नाही. मूलच होत नाही. डीएनएचा तुकडा पडणे ही तिसरीच गोष्ट, तिचा एपिजेनेटिक खुणांशी थेट संबंध नाही, आणि अशा तुकड्यांपैकी काहींची दुरुस्ती अंडे स्वतः करते. मेथिल गट डीएनएला पक्क्या रासायनिक बंधाने जोडलेला असतो. तो नुसत्या थंडीने गळून पडत नाही. तो काढायला किंवा नवा लावायला एन्झाइम लागतात, आणि द्रव नायट्रोजनच्या तापमानाला एन्झाइमांचे काम बंद असते. म्हणून धोका असलाच तर तो गोठवताना आणि वितळवताना, त्या मोजक्या मिनिटांत. टाकीत काढलेल्या वर्षांत नव्हे. १७ व्या वर्षी कर्करोगाच्या उपचारांपूर्वी गोठवून ठेवलेल्या वीर्यापासून २१ वर्षांनी मूल झाल्याचे इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी २००४ साली प्रसिद्ध केले, त्यामागचे गमक हेच. (हेस्कॉमची वीज गेली तर टाकीतल्या बीजाचे काय, हा आपल्याकडचा हमखास प्रश्न. द्रव नायट्रोजनची टाकी विजेवर चालत नाही. नायट्रोजन वेळेवर भरला की झाले.) खुद्द माणसाच्या शुक्राणूंवरचा पुरावाही आहे. जर्मनीतील म्युन्स्टरच्या संशोधकांनी २०१२ साली गोठवण्याआधी आणि नंतर नऊ जनुकांवरचे मेथिलेशन तपासले; फरक आढळला नाही. नऊ म्हणजे थोडीच, हे खरे. पण ‘सगळे पुसले जाते’ या दाव्याला नऊही पुरेशी आहेत.

प्रयोगशाळा दूरची वाटत असेल तर आपल्या गोठ्याकडे येऊ या. खानापूर किंवा बैलहोंगल तालुक्यातल्या कुठल्याही गावात सकाळी गाय माजावर आली की फोन जातो. इंजेक्शनवाले डॉक्टर मोटरसायकलवर ॲल्युमिनियमचा कंटेनर बांधून येतात. झाकण उचलले की पांढरी वाफ कडेने खाली उतरते. चिमट्याने पाव मिलिलिटरची एक बारीक नळी बाहेर निघते, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडते, पुसली जाते, टोक कापून गनमध्ये बसते. पाणी कोमट आहे की नुसते नळाचे, कंटेनरमध्ये नायट्रोजन किती उरला आहे, हे नीट पाहणाऱ्याची गाय पहिल्या-दुसऱ्या वेळी धरते. खिशात किंवा काखेत नळी गरम करणाऱ्याची उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. गवळ्याला हे पाठ असते. गाय उलटली तर तो डॉक्टरला शिव्या घालतो, पण ‘गोठवलेल्या रेताचं वासरू हाय, रोगट निघंल’ असे म्हणताना मी आजवर कुणाला ऐकलेले नाही. गोठवलेल्या रेतापासूनचे पहिले वासरू इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मले. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही गोपालन-संस्था सुरू केली, १९७० साली दुधाचा महापूर आला, आणि तेव्हापासून या देशात अशी किती वासरे झाली याला गणती नाही. ज्या घरात सकाळचा चहा या गायींच्या दुधाचा होतो, त्याच घरात नातवाच्या बाबतीत तेच तंत्र अपवित्र कसे ठरते?

यावर सुज्ञ आक्षेप असा की माणूस म्हणजे जनावर नव्हे. रास्त आहे. रेतकेंद्रात ठेवलेला वळू निवडून घेतलेला असतो. ज्याचे वीर्य गोठवणे सोसत नाही त्याला काढून टाकतात. क्लिनिकमध्ये येणारा पुरुष बहुतेकदा नेमक्या उलट कारणाने आलेला असतो. शिवाय दुभती गाय काही वेतांनंतर विकली जाते. चाळिशीतला मधुमेह आणि पन्नाशीतला हृदयविकार तिच्यात दिसायला ती असायला हवी. म्हणून गोठ्याचा दाखला पुरा नाही, हे कबूल. पण त्याच गोठ्याच्या विज्ञानात एक तुलना तयार पडलेली आहे आणि तिच्याकडे दोन्ही बाजूंनी पाठ फिरवली आहे. गायी-मेंढ्यांचे गर्भ प्रयोगशाळेत वाढवून मग रोवायला सुरुवात झाली तेव्हा काही वासरे-कोकरे अवाढव्य आकाराची जन्मू लागली. मेंढ्यांत त्याचे धागेदोरे एका इम्प्रिंटेड जनुकावरच्या बिघडलेल्या मेथिलेशनपर्यंत पोहोचले. म्हणजे एपिजेनेटिक बिघाड झाला तर तो जनावरांतही डोळ्यांत भरतो. तो दिसला गर्भ काचेच्या ताटलीत वाढवताना. नुसत्या गोठवलेल्या रेताच्या कृत्रिम रेतनात सत्तर वर्षांत त्याची साथ कुठे दिसलेली नाही.

त्या तंत्राने नुकसान केले नाही असे नाही. पण ते कुठल्या वाटेने आले ते पाहा. एकाच वळूचे रेत हजारो गोठ्यांत पोहोचू लागले, तसा त्याच्यातला लपलेला दोषही पोहोचला. अमेरिकेतल्या एका नामांकित होल्स्टीन वळूच्या वंशातून गर्भपात घडवणारे एक जनुक जगभर पसरले. आपल्याकडे कृष्णाखोरीचे बैल दुर्मीळ झाले आणि दारोदार एचएफ म्हणजे होल्स्टीन गाय आली. माणसांत हेच २०२५ साली युरोपात उघड झाले: एका दात्याच्या वीर्यात टीपी५३ या जनुकातला दोष होता. तो कर्करोगाचा धोका वाढवतो. त्या दात्यापासून निरनिराळ्या देशांत किमान १९७ मुले झालेली होती, आणि त्यांतल्या काहींना कर्करोग झाला. हा दोष गोठवण्याने आलेला नव्हता, दात्यात मुळातच होता. घात केला तो एकाच माणसाचे बीज इतक्या ठिकाणी जाऊ देणाऱ्या व्यवस्थेने. आपल्याकडच्या २०२१ च्या कायद्याने एका दात्याचे वीर्य एकाच जोडप्याला द्यायचे असे बंधन घातले आहे. त्यावर टीका करणारे डॉक्टर आहेत, दाते मिळत नाहीत ही त्यांची तक्रारही खरी आहे. तरी मला ते बंधन शहाणपणाचे वाटते. आणि दात्याच्या बाबतीत तर गोठवणे हेच संरक्षण आहे: वीर्य सहा महिने राखून ठेवायचे, दात्याची एचआयव्हीसाठी पुन्हा तपासणी करायची, मगच वापरायचे. ताज्या वीर्यात ही सवड कुठून मिळणार?

आता माणसाच्या मुलांकडे. गोठवलेल्या वीर्यापासून पहिल्या गर्भधारणा अमेरिकेत आयोवा विद्यापीठात रेमंड बंज आणि जेरोम शर्मन यांनी १९५३ साली घडवल्या. ती मुले आज सत्तरीची आहेत. व्याख्यानांत जे अभ्यास फेकले जातात ते पाहिले तर त्यांतले बहुतेक वीर्य गोठवण्याचे नसतातच. गोठवलेला गर्भ रोवल्यावर बाळाचे वजन थोडे जास्त भरते, आईला गरोदरपणातल्या रक्तदाबाचा धोका वाढतो, हे ठाम दिसलेले आहे. डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे, स्वीडन यांच्या नोंदींवरून २०२२ साली अशा मुलांत बालपणीच्या कर्करोगाचे प्रमाण किंचित जास्त आढळले. प्रत्यक्ष धोका तरीही फार थोडा. पण हे सगळे गर्भाबद्दल आहे. गर्भ ही वाढणारी, विभागणारी, आपल्या खुणा नव्याने मांडत असलेली वस्तू. शुक्राणू ही मिटलेली. दोन्ही एकाच टाकीत ठेवतात, एवढ्यावरून एकाचा आरोप दुसऱ्यावर ठेवायचा?

बेकविथ-वाइडेमान हा आजार तर या वादाचा लाडका पुरावा. जीभ मोठी, अंग मोठे, लहानपणी मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका. साधारण दहा-चौदा हजार मुलांत एक. आयव्हीएफच्या, म्हणजे शरीराबाहेर फलन केलेल्या, मुलांत तो काही पटींनी जास्त दिसतो, हे मान्य. पण त्या मुलांत बहुधा कुठली खूण हरवलेली असते? आईकडून आलेल्या प्रतीवरची, म्हणजे अंड्यात लागलेली. अँजेलमन या दुसऱ्या आजाराच्या अशा प्रकारातही तेच. बापाचे वीर्य गोठवून आईकडची खूण कशी पुसली जाईल, याचे उत्तर मी अजून ऐकलेले नाही. सिल्व्हर-रसेल या आजाराची बाजू मात्र वेगळी, आणि ती लपवणे बरे नाही: तिथे हरवते ती बापाकडची खूण. मग फासा पलटला का? ज्या पुरुषांचे शुक्राणू मुळातच फार कमी, त्यांच्या ताज्या, न गोठवलेल्या वीर्यातही ही खूण अनेकदा बिघडलेली सापडते. दोष टाकीत जाण्याआधीच तिथे होता.

या पुरुषाकडे कुणी बघतच नाही, हे माझे या वादाबद्दलचे मुख्य गाऱ्हाणे आहे. मूल नाही तर सून तपासायची, मूल रोगट निघाले तर तंत्र तपासायचे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत भट्टीसमोर आठ तास उभ्या राहणाऱ्याच्या वृषणांना उष्णता सोसत नाही, हे वैद्यकाला कधीचे ठाऊक आहे. निपाणीच्या तंबाखूवर या भागाची पिढ्यान्‌पिढ्या पोटे भरली, १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी तिथे रस्ता अडवला आणि गोळ्या झेलल्या. त्या तंबाखूचा धूर शुक्राणूंच्या डीएनएला इजा करतो आणि त्यांच्यावरच्या मेथिलेशनमध्येही फरक पाडतो, हे गोठवण्याच्या परिणामांपेक्षा कितीतरी पक्के आहे. कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात १९७७ साली डीबीसीपी हे कीटकनाशक हाताळणारे कामगार वांझ झालेले आढळले, तेव्हापासून फवारणीची औषधेही संशयाच्या यादीत आहेत. बापाचे वय? आइसलँडमधल्या २०१२ च्या अभ्यासात बापाच्या वयाच्या दर वर्षामागे मुलात सुमारे दोन नवे जनुकीय बदल वाढताना दिसले. म्हणजे पंचविशीत गोठवलेले वीर्य, याच माणसाच्या पंचेचाळिशीतल्या ताज्या वीर्यापेक्षा या हिशेबाने कमी बदल घेऊन येते. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. गोठवण्याआधी तेवढे दिवस गुटखा-विडी सोडा, असे सांगायला फलकावर जागा मिळत नाही, आणि व्याख्यानात सांगितले तर सभागृहातले निम्मे पुरुष चुळबुळ करतील.

अशा वादांची आपल्या बेळगावला सवय असायला हवी. टिळकवाडीतले व्हॅक्सिन डेपोचे मैदान आपल्याला सभा-मेळाव्यांसाठी आणि सकाळी फिरायला जाण्यासाठी माहीत आहे. तिथे एके काळी वासरांच्या अंगावर देवीची लस तयार होत असे. देवीच्या लशीला विरोध करणारे काय म्हणत? गाईचा अंश अंगात शिरला की माणूस जनावर होईल. इंग्लंडमध्ये व्यंगचित्रकार गिल्रेने १८०२ साली लस टोचलेल्या माणसांच्या अंगातून गाई बाहेर येताना चितारल्या होत्या. मुख्य मुद्द्यावर ती मंडळी साफ चुकली. पण त्यांची एक शंका खरी निघाली. तेव्हा लस एका मुलाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात अशी नेत असत, आणि १८६१ साली इटलीतल्या रिव्हाल्टा गावात त्या वाटेने मुलांना उपदंश झाला. त्यावर उपाय काय काढला? लस बंद केली नाही आणि ‘शंभर टक्के सुरक्षित’ अशी पाटीही लावून भागले नाही. हळूहळू दंडावरून दंडावर नेणे सोडले, वासरावर लस वाढवली, देखरेख बसवली. आपल्या व्हॅक्सिन डेपोसारख्या संस्था त्या दुरुस्तीतून उभ्या राहिल्या.

उलट उदाहरणही आपल्याच देशातले आहे. कोलकात्याच्या सुभाष मुखोपाध्यायांनी ३ ऑक्टोबर १९७८ रोजी गोठवलेल्या गर्भापासून मूल जन्माला घातले, जगातल्या पहिल्या टेस्टट्यूब बाळानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी. सरकारी समितीने त्यांची खिल्ली उडवली, त्यांची बदली झाली, १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. ती मुलगी मोठी झाली, शिकली, निरोगी आहे. समितीला शंका घेण्याचा पूर्ण अधिकार होता. तपासण्याची जबाबदारी मात्र तिने टाळली.

आपल्याकडे आज शंका आणि हमी दोन्ही स्वस्त आहेत, आणि त्याची किंमत कोण मोजते ते सांगतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात. खानापूर-चंदगडकडची कितीतरी घरे पलटणीवर चालतात. नवरा वर्षातून दोनदा सुट्टीवर, बायकोच्या उपचारांची तारीख त्याच्या सुट्टीशी जुळत नाही. जाताना तो वीर्य गोठवून ठेवतो, एवढीच ही साधी सोय. त्या घरात बाळ झाले की बारशाला आलेली एखादी आक्का कुजबुजते, ‘बर्फातलं पोर हाय ते’. मग त्या बाळाला साधी सर्दी झाली तरी घर टाकीकडे बोट दाखवते. आणि दुसरा, बाविशीतला, वृषणाच्या कर्करोगाचा किंवा हॉजकिन लिम्फोमाचा. केमोथेरपी सुरू होण्याआधी दोन-तीन दिवसांत वीर्य गोठवले नाही तर पुढे बाप होण्याची संधी कायमची जाऊ शकते. मिरज, कोल्हापूर की मुंबई या धावपळीत त्याला ते कुणी सांगत नाही. कुणी सांगितले तर घरातला वडीलधारा म्हणतो, तसलं बीज काय कामाचं. अप्रमाणित भीतीने इथे एका माणसाची पुढची पिढीच संपते. भीती पेरणाऱ्यांच्या हिशेबात हे नुकसान कधी धरले जाते का?

‘पुरावा नाही म्हणजे धोका नाही असे थोडेच,’ हा शेवटचा आक्षेप उरतो, आणि तो मी मनापासून स्वीकारतो. त्याचे उत्तर नोंदी ठेवणे, एवढेच आहे. स्कँडिनेव्हियातले देश आज जे सांगू शकतात ते केवळ यामुळे, की तिथे जन्मापासून प्रत्येकाला एक क्रमांक आहे आणि उपचाराची, जन्माची, आजाराची नोंद त्या क्रमांकाशी जुळते. आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने राष्ट्रीय नोंदणी आणली, क्लिनिकांना उपचारांची माहिती द्यावी लागते. पण मूल हाती आले की क्लिनिकशी संबंध संपतो. ते पाचवीत असताना कसे आहे, तिशीत कसे आहे, हे कुणी विचारत नाही. आणि सीमाभागात तर ते विचारायचे कुणी? वीर्य बेळगावात गोठवले, गर्भ कोल्हापुरात रोवला, पहिले बाळंतपण म्हणून मुलगी माहेरी गडहिंग्लजला. लसीकरण पुन्हा सासरी चिकोडीला. कर्नाटकचे तायी (आई) कार्ड एका पिशवीत, महाराष्ट्राचे माता-बाल संरक्षण कार्ड दुसऱ्या. संमतीपत्र इंग्रजीत, फार तर कन्नडमध्ये. आपण कशावर सही केली हे मराठी शाळेत शिकलेल्या त्या दोघांना विचारा. भाषेच्या हक्कासाठी चौकाचौकात भांडणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी हा कागद एकदा हातात घेऊन पाहायला हरकत नाही.

आरोग्य-नोंदींसाठीचा चौदा अंकी आभा क्रमांक आता बऱ्याच जणांकडे आहे. नाव-गाव गाळून, दात्याची व जोडप्याची गुप्तता राखून, या मुलांच्या नोंदी त्याच्याशी जोडता येतील. वीर्य ताजे होते की गोठवलेले, किती दिवस ठेवले, आयव्हीएफ की इक्सी, बापाचे वय, तंबाखू, कामाचे ठिकाण, एवढे रकाने पुरेत. निदान बेळगाव आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी एका टेबलाशी बसून सुरुवात करावी. त्यासाठी २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याचा निकाल लागायची गरज नाही.